पुनावळ्याच्या पुलाखालची बस

प्रवासात पैसे कसे वाचवायचे हे मला कुणी शिकवू नये. मी शिकवते. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत ज्येष्ठ महिलांचं मंडळ आहे. तिथे या विषयावर माझं दोनदा व्याख्यान झालेलं आहे, आणि दुसऱ्या वेळेला तर बायका शेवटपर्यंत बसल्या होत्या.

माझं तत्त्व साधं आहे. सहल विकत घ्यायची नाही, ती कुणाच्या तरी कार्याला चिकटवायची. आमचं लग्न झालं तेव्हा हे, म्हणजे श्यामराव, पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. पगार बेताचा आणि सुट्टी गुरुवारची. पण आम्ही पाहायचं काय ठेवलं? अठ्ठ्याहत्तर साली महाबळेश्वर पाहिलं, ते नणंदेच्या दिराच्या लग्नात. कोल्हापूर पाहिलं यांच्या साहेबांच्या मुलाच्या मुंजीत. नाशिक तर एका तेराव्याला पाहिलं, आणि अगदी निवांत पाहिलं. जायची बस त्यांची, जेवण त्यांचं, झोपायला सतरंजी त्यांची. आपण न्यायचं काय, तर एक ब्लाऊजपीस आणि हसरा चेहरा. तेराव्याला तर तोही लागत नाही.

आता माझा मुलगा केयूर. चाकणला एका कंपनीत इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण सहलीच्या बाबतीत अगदी भोळा. या फेब्रुवारी महिन्यात तो मोबाईल घेऊन माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "आई, अलिबागचं पॅकेज बघितलंय. तीन दिवस, पाच माणसं, अठ्ठेचाळीस हजार."

"कशाचे?"

"समुद्रकिनारी राहायचे."

"समुद्र फुकट असतो रे."

"समुद्र फुकटच आहे. खोलीचे घेतात."

एवढी घाई कशाला, तर आमच्या नातीसाठी. मधुवंती आठ वर्षांची झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. शाळेत 'मी पाहिलेला समुद्र' असा निबंध आला, तेव्हा तिने पवना धरणावर दोन पानं लिहिली. बाईंनी खाली लाल शाईने शेरा मारला, 'हा समुद्र नाही.' तेव्हापासून मधूने माझी लोणच्याची एक रिकामी बरणी धुऊन कपाटात ठेवली होती. समुद्राचं पाणी त्यात भरून ती बाईंच्या टेबलावर ठेवणार होती.

मी मधूला शब्द दिला. "तुला समुद्र मी दाखवणार. आणि बाबाचा एक रुपया न घालवता."

देव माझ्या बाजूने असतो. चार दिवसांत कुसुमताईंचा फोन आला. कुसुमताई म्हणजे यांच्या चुलतभावाची बायको. पुनावळ्याला राहतात. त्यांच्या नातवाचं, सार्थकचं लग्न ठरलेलं. मुलगी अलिबागकडची, लग्न गुरुवारी, समुद्राकाठच्या रिसॉर्टवर, आणि पाहुण्यांची दोन रात्री राहायची सोय.

"आम्ही आदल्या दिवशीच पुढे जातोय," कुसुमताई म्हणाल्या. "पाहुण्यांची बस गुरुवारी सकाळी सातला पुनावळ्याच्या पुलाखालून सुटेल. तुम्ही पाचजण नक्की या. समुद्रासमोरची खोली तुमच्या नावाने ठेवलीय."

मी फोन खाली ठेवला आणि केयूरकडे पाहिलं.  

सून तनुजा मात्र शंकेखोर आहे. शाळेत गणित शिकवते, त्याचा परिणाम. म्हणाली, "आई, कुसुमकाकू सोडल्या तर त्यांच्याकडे आपण कुणालाही ओळखत नाही."

"तू ओळखत नाहीस. मी ओळखते."

"सार्थकला पाहिलंय तुम्ही?"

"त्याच्या आजोबांचं नाक पाहिलंय. पुरे झालं."

माझी स्मरणशक्ती अख्ख्या खानदानात प्रसिद्ध आहे. एकदा पाहिलेलं नाक मी विसरत नाही. तरीही सगळ्यांना बजावून ठेवलं. बसमध्ये कुणालाही 'आपण कोण' असं विचारायचं नाही. लग्नाच्या बसमध्ये तो अपमान असतो. समोरचा म्हणतो, 'विसरलात का आम्हाला?' आणि मग जन्मभर बोलत नाही. ओळख नसली तरी हसायचं, मान हलवायची आणि 'किती बारीक झालात' म्हणायचं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला आम्ही पुनावळ्याच्या पुलाखाली हजर. बस उभीच होती. पुढच्या काचेवर झेंडूची माळ, आत नऊवाऱ्या, गजरे, रडणारी दोन पोरं. म्हणजे लग्नाचीच. नवरानवरीच्या नावांची पाटी बसच्या मागच्या काचेवर लावलेली होती आणि आम्ही पुढून चढलो. आमची चूक म्हणाल तर एवढीच.

दारात भगवा फेटा बांधलेला एक तरुण होता. मला पाहिलं आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"आत्या?" तो म्हणाला. "आत्याच ना?"

आता मला सांगा, या वयाची बाई कुणाची ना कुणाची आत्या असतेच. मी म्हटलं, "हो रे बाबा."

"आत्या आल्या! मी मुरारी. मी एवढासा होतो तवा."

"किती बारीक झालास," मी म्हणाले.

तो वाकून पाया पडला. मग यांच्या पाया पडला. मग पहिल्या बाकावरच्या दोन बायकांना उठवून त्याने आम्हाला तिथे बसवलं. "काका, यंदा फेट्याची काळजी करू नका," तो यांना म्हणाला. "पहिला फेटा तुमाला. या टायमाला चूक व्हायची न्हाई."

हे म्हणाले, "बरं." चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. जे येईल ते जमा करून घ्यायचं, ही त्यांची सवय.

मी मागे वळून तनुजाला हळूच म्हटलं, "पाहिलंस? याला म्हणतात नातं. पॅकेजमध्ये तुझ्या कोण पाया पडलं असतं?"

बस निघाली. मी सगळ्या बसभर नजर फिरवली आणि खरं सांगते, मला माणसं ओळखू यायला लागली. खिडकीजवळच्या बाईचं नाक अगदी कुसुमताईंच्या सासूचं होतं. मागच्या टक्कलवाल्या गृहस्थांना मी त्र्याऐंशी सालच्या एका बारशात पाहिलेलं होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "व्हय, व्हय, बारशात. लई गर्दी हुती." माणूस सभ्य असला की असा असतो.

किवळ्याला द्रुतगती मार्गाचा फाटा आला. बस तिकडे वळली नाही, जुन्या रस्त्याने देहूरोडकडे निघाली.

तनुजा पुढे वाकली. "आई, एक्स्प्रेसवे मागे गेला."

"टोल वाचवतायत," मी म्हटलं. मला मुरारीबद्दल फारच माया वाटू लागली. आपल्यासारखाच विचार करणारी माणसं हल्ली भेटतात कुठे?

देहूरोड गेलं, सोमाटणे गेलं. मधू मांडीवर बरणी घेऊन बसली होती. दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आजी, वास आला का समुद्राचा?" केयूर कानात ती इअरफोनची बोंडं घालून कंपनीच्या मीटिंगला बसला होता. रजा घेतलेली असली तरी मीटिंगला बसावं लागतं म्हणे. आमच्या वेळी रजा म्हणजे रजा असायची.

तळेगावला बस उजवीकडे वळली.

"आई," तनुजा म्हणाली, "समुद्र डावीकडे आहे."

"कुणाला तरी घ्यायचं असेल वाटेत."

"विचारू का?"

"मुळीच नाही."

पुढे कंटेनरांची रांग लागली. आमच्या पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी नव्या मोटारी लादलेला ट्रेलर. बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. मुंगीसुद्धा दोनदा पुढे निघून गेली असती. दीड तास झाला. मुरारीने आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली, मला हातपंखा आणून दिला. "आत्या, तुमी आलात, आजी लई खूश हुईल," एवढं तो तीनदा म्हणाला. कुसुमताई नवरदेवाच्या आजी हे खरंच होतं. मी मान हलवली.

तेवढ्यात केयूरने कानातलं काढलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. 

"आई, हे माझ्या कंपनीचं गेट आहे."

"कुठल्या कंपनीचं?"

"माझ्या. मी रोज येतो इथे."

गेटवरच्या वॉचमनने त्याला पाहून सलाम केला. "साहेब, आज सुट्टी घेतली होती ना?" तो ओरडून म्हणाला. बस उभीच असल्यामुळे केयूरला उत्तर देणं भाग पडलं. तो म्हणाला, "हो. फिरायला चाललोय." वॉचमनने बसकडे पाहिलं, केयूरकडे पाहिलं, आणि पुन्हा सलाम केला.

"आई, आपण चाकणला आलोय," केयूर म्हणाला. "अलिबाग मागे राहिलं. फार मागे."

 तोंडावर मी काही दिसू दिलं नाही. "बघू," मी म्हटलं. पन्नास वर्षांच्या संसारात 'बघू' या शब्दाने मला बरेचदा तारलंय.

या वेळेला बघायला फार वेळ मिळाला नाही. चाकणच्या अलीकडे एका लॉन्सच्या कमानीसमोर बस थांबली आणि बँड वाजायला लागला. तो बँड आमच्यासाठी होता. मुरारीने वाटेतून फोन करून कळवलं होतं. कमानीवर फुलांनी नावं लिहिलेली होती. तनुजाने ती मोठ्याने वाचली. "ओम आणि संस्कृती."

"आजी," मधू म्हणाली, "सार्थकदादाचं नाव ओम आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दोन सवाष्णींनी मला ओवाळलं. एकीने पायावर पाणी घातलं. यांना खुर्चीत बसवून एक माणूस फेटा बांधायला लागला, आणि माईकवरून घोषणा झाली. "ज्यांची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो, त्या वाईच्या आत्या आणि काका यांचं अकरा वर्षांनंतर आपल्या कुटुंबात आगमन झालेलं आहे. जोरदार टाळ्या."

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. केयूरच्या खांद्यावर शाल पडली. तनुजाच्या हातात नारळ आला. मी यांच्याकडे पाहिलं. हे फेट्यात फारच चांगले दिसत होते, आणि तेवढ्यापुरतं मला सगळं विसरायला झालं.

गर्दीने आम्हाला ढकलत ढकलत मांडवात नेलं. तिथे एका खुर्चीत नव्वदीची एक म्हातारी बसलेली होती. सारजाबाई, नवरदेवाची आजी. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. मुरारीने माझा हात तिच्या हातात दिला. "आजी, तुजी लेक आली बग."

आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सारजाबाईंनी माझा हात दोन्ही हातांनी चाचपला. बोटं चाचपली, तळवा चाचपला. मग मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "कुणाची गं तू?"

सकाळपासून हा प्रश्न विचारणारी ती पहिली बाई.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. पुलाखालची बस, झेंडूची माळ, कुसुमताई, अलिबाग, बरणी. सारजाबाई ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"माज्या लेकीच्या हाताला खुरप्याचे घट्टे हायेत," त्या म्हणाल्या. "तुजा हात म्हंजी नुसतं लोणी. अर्जुनाऽ, हिकडं ये."

अर्जुनराव, नवरदेवाचे वडील, बहिणीला भेटायला हात पसरून धावत आले. दोन पावलांवर थांबले. हात तसेच पसरलेले.

"ह्या कोण?" ते म्हणाले.

मी मान खाली घालून सांगितलं. मुरारी लगेच म्हणाला, "पण तात्या, त्या व्हय म्हनाल्या!" आणि मी म्हणाले, "तू आत्या म्हणालास." दोघांचंही खरं होतं.

हळूहळू उलगडा झाला. अकरा वर्षांपूर्वी याच घरच्या एका लग्नात वाईच्या काकांना फेटा बांधायचा राहून गेला. आत्या त्या मांडवातून ताट सोडून उठल्या, त्या पुन्हा माहेरी आल्या नाहीत. मुरारीने त्यांना लहानपणी पाहिलेलं. या लग्नाला अर्जुनराव स्वतः वाईला जाऊन पाया पडले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'पुनावळ्याच्या बसमध्ये बसेन, पण मला कुणी विचारलं की तू कोण, तर तिथूनच परत जाईन.' म्हणून मुरारीला घरच्यांनी बजावून ठेवलेलं. काही विचारायचं नाही.

म्हणजे त्याच्याकडे आणि माझ्याकडे नियम एकच होता.

"मग आमची अक्का कुठं हाय?" अर्जुनराव खाली बसले. त्यांचा चेहरा पाहवेना. "आली न्हाई म्हंजी पुन्हा रुसली. आता न्हाई यायची ती."

त्याच क्षणी माझा फोन वाजला. कुसुमताई.

"शैला, तुम्ही आहात कुठे?"

"मांडवात," मी म्हटलं.

"मी मांडवातच उभी आहे. बसमधून तुमच्याऐवजी दुसरेच पाचजण उतरलेत. म्हातारं जोडपं, मुलगा, सून, नातू. आमच्या ड्रायव्हरने पाच डोकी मोजली आणि बस सोडली. त्या बाई मघापासून विचारतायत, पाय धुवायला पाणी का आणलं नाही. मी आणलं बाई पाणी. आता विचारतायत, यांना फेटा कधी बांधणार?"

मी फोन अर्जुनरावांच्या हातात दिला. ते उभे राहिले. "अक्का?" ते म्हणाले. पलीकडून आत्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अर्जुना, ही कुठली रं सोयरीक केलीस? हितं तर समोर समुद्र हाय."

सारजाबाईंना सांगितलं तेव्हा त्या पुन्हा हसल्या. "माज्या लेकीनं जन्मात समुद्र पाह्यला न्हाई. बगू दे."

त्यानंतर आम्हाला सोडतील तर शपथ. ओमच्या लग्नात आम्ही अक्षता टाकल्या, मटकीची उसळ, जिलबी आणि मसालेभात जेवलो. निघताना यांनी फेट्याला हात लावून अर्जुनरावांना विचारलं, "हा परत करायचा का?"

"डोक्यावर चढलेला फेटा आमी काढून घेत न्हाई, काका. तो आता तुमचाच."

नवरदेवाच्या बापाला मांडव सोडता येत नाही, म्हणून आत्यांना मानाने परत आणायला त्यांनी मुरारीला मोठी गाडी देऊन पाठवलं. "तुमी बी तिकडंच जायचं ना? बसा गाडीत," म्हणाले. मी मागे वळून केयूरकडे पाहिलं. गाडी त्यांची, जेवण त्यांचं. माझं तत्त्व अजून शाबूत होतं.  केयूरच्या मांडीवर शाल, नारळ आणि लॅपटॉप होता.

आम्ही अलिबागला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. हे फेट्यासकट उतरले. कुसुमताई धावत आल्या आणि यांना पाहून थबकल्या. "भावोजी, तुम्ही कुणाच्या लग्नाला गेला होतात?"

हे म्हणाले, "ओमच्या. चांगला मुलगा आहे."

समुद्रासमोरच्या आमच्या खोलीच्या गॅलरीत वाईच्या आत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मुरारी जाऊन पाया पडला, हात जोडले, रडलाही.

"अर्जुनाला सांग, मी रुसलेली हाय," आत्या म्हणाल्या. "शनवारी न्यायला ये. ही खोली दोन दिस माजी हाय. आईला म्हनावं, पुढच्या टायमाला तुला बी आणते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोण?"

 मी म्हटलं, "किती बारीक झालात."

मधूला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने बरणी घेतली आणि किनाऱ्याकडे पळत सुटली. मी तिच्या मागे. नारळाची झाडं संपली आणि समोर वाळू पसरली. वाळू, वाळू, पुढे चिखल, पुढे दोन कावळे. पाण्याचा कुठे पत्ता नाही. ओहोटी लागली होती. समुद्र लांब क्षितिजाशी एक चंदेरी रेघ होऊन पडला होता, पवना धरणाच्याही निम्मा.

मधू बरणी पोटाशी धरून उभी राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, तोपण चुकीच्या बसमध्ये बसला का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र आला. पायऱ्यांपर्यंत आला. मधू तीन तास पाण्यात होती. आम्ही रात्री हॉलमध्ये सतरंजीवर झोपलो होतो, पण सतरंजी त्यांची होती, हे मी केयूरला तीनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मंडळात माझं तिसरं व्याख्यान आहे. विषय मी बदलून घेतलाय. 'वर्षाचं लोणचं कसं टिकवावं.' फक्त दाखवायला बरणी उसनी आणावी लागणार आहे. माझी शाळेत आहे, बाईंच्या टेबलावर.